सरबत, स्क्वॉश, अमृत कोकम: फूड ग्रेड रसायनं निवडायची कशी, मोजायची कशी, घालायची कधी

"बेंझोएट किलोला पाऊण ग्रॅम टाका, वर्षभर काही होत नाही." फळप्रक्रियेत नव्याने उतरणाऱ्याला हा सल्ला कुणीतरी देतंच. त्यात दोन गोच्या आहेत. पाऊण ग्रॅम सोडियम बेंझोएट म्हणजे बेंझोइक आम्लाच्या हिशोबाने किलोला साधारण ६३५ मिलिग्रॅम. स्क्वॉश आणि सिरपसाठी आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली मर्यादा आहे ६०० मिलिग्रॅमची. म्हणजे सल्ला तंतोतंत पाळला तरी माल मर्यादेबाहेर गेला. आणि मालाची आंबटाई कमी पडली असेल, तर त्याच पाऊण ग्रॅममधला बराचसा भाग काही कामच करत नाही.

घरगुती उद्योग किंवा बचत गटाच्या पातळीवर लागणाऱ्या पावडरी मोजून पाच-सहाच. सगळ्या पांढऱ्या, बहुतेक एकाच दुकानात मिळणाऱ्या. पण एकीचं काम दुसरी करत नाही, आणि काहींची आपसात जमत नाही. खाली आंब्याचा स्क्वॉश (पाणी घालून प्यायचा घट्ट रस) आणि कोकमाचं सिरप (अमृत कोकम) ही दोन उदाहरणं धरून सगळं सांगतो. हिशोब ६०० (बेंझोइक आम्ल) आणि ३५० (सल्फर डायऑक्साइड) हे आकडे धरून केला आहे. तुमचा पदार्थ कोणत्या वर्गात मोडतो आणि त्या वर्गासाठी एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) तक्त्यात आज कोणता आकडा आहे, हे उत्पादन सुरू करण्याआधी स्वतः बघा. पाणी न घालता थेट पिण्याच्या सरबताला स्क्वॉशचा डोस कधीच चालत नाही. तिथली जुनी मर्यादा बेंझोइक आम्लासाठी १२० आणि सल्फर डायऑक्साइडसाठी ७० इतकी खाली आहे.

पावडरींची ओळख

सायट्रिक आम्ल (आयएनएस ३३०; आयएनएस म्हणजे अन्नात घालायच्या रसायनांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) म्हणजे लिंबूसत्त्व. नाव लिंबाचं असलं तरी आज बाजारातलं सायट्रिक आम्ल लिंबापासून येत नाही. अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची काळी बुरशी मळीवर किंवा ग्लुकोजवर वाढवून ते मिळवतात. जेम्स करी यांनी १९१७ मध्ये ही वाट दाखवली. त्याआधी इटलीतल्या लिंबांवर सगळ्यांची भिस्त होती. आपल्या कामात ते तिहेरी उपयोगाचं आहे. चव आणतं, सामू (पीएच; आकडा जितका कमी तितका माल आंबट) खाली ओढतं, आणि लोह-तांब्याचे अंश बांधून ठेवतं, त्यामुळे रंग आणि वास जास्त टिकतो. स्वतः प्रिझर्वेटिव्ह म्हणून ते कमजोर आहे, पण ते नसेल तर पुढच्या दोघांना जोर येत नाही.

ते दोन प्रकारांत मिळतं, अ‍ॅनहायड्रस आणि मोनोहायड्रेट. मोनोहायड्रेटमध्ये स्फटिकाचं पाणी धरलेलं असतं, त्यामुळे १०० ग्रॅममागे खरं आम्ल साधारण ९१.४ ग्रॅमच भरतं. पिशवीवर काय लिहिलंय ते न बघता प्रकार बदलला की त्या लॉटची चव का बदलली, याचा शोध घेत बसावं लागतं.

सोडियम बेंझोएट (आयएनएस २११) यीस्ट आणि बुरशीवर चालतं. खरं काम करतं ते बेंझोइक आम्ल. पण ते पाण्यात लिटरला जेमतेम साडेतीन ग्रॅम विरघळतं, म्हणून त्याचा क्षार वापरतात. तो पाण्यात भराभर विरघळतो. आंबट मालात गेल्यावर क्षाराचं पुन्हा आम्ल होतं, आणि हे विघटन न झालेलं आम्लच जंतूच्या पेशीत शिरतं. किती भाग त्या रूपात राहील हे पूर्णपणे सामूवर ठरतं. सामू ३ ला सुमारे ९४ टक्के, ३.५ ला ८३, ४ ला ६१, ४.५ ला ३३ आणि ५ ला जेमतेम १४ टक्के. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. सामू ४.५ च्या मालात बेंझोएट दुप्पट करण्यापेक्षा थोडं लिंबूसत्त्व वाढवणं स्वस्त पडतं, आणि कायद्यातही बसतं.

पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, बोलीत केएमएस (आयएनएस २२४). आंबट मालात गेलं की सल्फर डायऑक्साइड सोडतं. वजनाच्या ५७.६ टक्के हा झाला कागदावरचा आकडा. उघड्या डब्यातला जुना माल त्याहून बराच कमी देतो. हे जीवाणूंवरही चालतं, फळ तपकिरी करणारे एन्झाइम रोखतं आणि क जीवनसत्त्व वाचवतं. त्याची खोड अशी की लाल-जांभळा रंग उडवतं. त्यामुळे रातांबा (कोकमाचं फळ), जांभूळ, करवंद, डाळिंब यांच्या वाटेला केएमएस जाता कामा नये. आंबा, अननस, लिंबू, संत्रं, आवळा यांना ते उत्तम.

पोटॅशियम सॉर्बेट (आयएनएस २०२) महाग पडतं. पण बेंझोएट जिथे ढेपाळतं त्या सामू ५ च्या आसपासही ते बऱ्यापैकी चालतं, आणि चवीत जाणवत नाही. सरबतवाल्याला त्याची गरज क्वचितच पडते.

अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (आयएनएस ३००) म्हणजे क जीवनसत्त्व. पोषणमूल्य वाढवायला आणि रंग टिकवायला घालतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: अ‍ॅस्कॉर्बिक आणि बेंझोएट एका बाटलीत नकोत. लोह-तांब्याचे अंश, ऊन आणि उष्णता मिळाली की या दोघांपासून बेंझीनचे अंश तयार होऊ शकतात, आणि बेंझीन कर्करोगाला कारण ठरणारं आहे. आवळा आणि लिंबात क जीवनसत्त्व मुळातच असतं, म्हणून तिथे बेंझोएटकडे वळूच नका. केएमएस आहे ना!

एकच रसायन, दोन बाजार

ही पावडर येते कुठून हे माहीत असलं की "फूड ग्रेड" या शब्दासाठी जास्त पैसे का मोजायचे ते कळतं. बेंझोइक आम्ल टोल्युइनपासून बनतं. टोल्युइनमध्ये कोबाल्टच्या उत्प्रेरकासोबत हवा सोडून त्याचं ऑक्सिडेशन करतात, आणि मिळालेलं आम्ल कॉस्टिक सोड्याने उदासीन केलं की सोडियम बेंझोएट. पण बेंझोइक आम्लाचा मोठा भाग खाण्याकडे येतच नाही. प्लॅस्टिक मऊ करणारे प्लॅस्टिसायझर, बेंझॉइल क्लोराइड आणि त्यापासून पुढची रंग-औषधांची रसायनं, असा तो कारखान्यांतला मधला टप्पा, म्हणजे इंटरमीजिएट आहे. खुद्द सोडियम बेंझोएटही गाडीच्या कूलंटमध्ये गंज रोखायला घालतात. कूलंटमध्ये जाणाऱ्या मालात शिसं किती, क्लोरीनयुक्त अशुद्धी किती, याची कुणाला पडलेली नसते.

लिंबूसत्त्वाचं तसंच. त्यापासून सोडियम सायट्रेट बनतं, जे जलसंजीवनीच्या पुडीत आणि रक्तपेढीच्या पिशवीत असतं. कॅल्शियम सायट्रेट बनतं, ते कॅल्शियमच्या गोळ्यांत जातं. आणि तेच लिंबूसत्त्व बॉयलरचा क्षार काढायलाही वापरतात. क जीवनसत्त्वाची साखळी तर ग्लुकोजपासून सुरू होते: ग्लुकोजचं सॉर्बिटॉल, सॉर्बिटॉलचं जीवाणूंकडून सॉर्बोज, आणि तिथून पुढे दोन-तीन पायऱ्यांनी अ‍ॅस्कॉर्बिक. त्यातलं सॉर्बिटॉल स्वतःच बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि टूथपेस्टमध्ये दिसतं. खाण्याची रसायनं आणि कारखान्याची रसायनं अशा दोन वेगळ्या जाती नसतात. फरक शुद्धीकरणात, चाचणीत आणि पॅकिंगमध्ये असतो.

म्हणून खरेदी करताना:

पिशवीवर पदार्थाचं नाव, आयएनएस क्रमांक, बॅच नंबर, उत्पादन आणि मुदतीची तारीख, एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि "फूड ग्रेड" हे शब्द हवेत. यातलं एक जरी नसलं तरी पुडी परत द्या. "एआर" किंवा "एलआर" (प्रयोगशाळेच्या शुद्धतेचे दर्जे) लिहिलेली बाटली प्रयोगशाळेसाठी असते. ती महाग असते म्हणून खाण्यायोग्य होत नाही. हा गैरसमज शिकल्यासवरलेल्या लोकांतही आहे.

बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा, दुकानात "सीओए" म्हणालात की कळतं. त्यात शुद्धतेचा आकडा बघा: सोडियम बेंझोएट सुकवलेल्या मालावर किमान ९९ टक्के, केएमएस किमान ९०. शिशाची आणि आर्सेनिकची ओळ आहे का, आणि प्रमाणपत्रावरचा बॅच नंबर पिशवीवरच्या नंबराशी जुळतो का, हेही तपासा. सुट्टा माल, म्हणजे मोठ्या गोणीतून किलोभर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिलेला, कितीही ओळखीच्या दुकानातून असला तरी नको.

केएमएस लहान पाकिटातच घ्या. डबा उघडल्यावर नाकात झणझणणारा वास म्हणजे तुमच्या पैशाचा सल्फर डायऑक्साइड हवेत चाललाय. पाकीट उघडल्याची तारीख त्याच्यावर मार्करने लिहा. पावसाळ्यात कोकणातल्या हवेत लिंबूसत्त्वाचेही दगड होतात. दगड झाला म्हणून ते खराब होत नाही, पण धरलेल्या पाण्यामुळे वजन फसवं होतं.

माल आधी मोजून घ्या

दोन उपकरणं लागतात. ब्रिक्स, म्हणजे मालातल्या विद्राव्य घटकांची (मुख्यतः साखरेची) टक्केवारी, बघायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर आणि सामूसाठी मीटर. सामूच्या कागदी पट्ट्या आंब्यासाठी चालून जातात. कोकमाच्या लाल रसात पट्टीचा रंग वाचताच येत नाही, तिथे मीटरच हवा. मीटर रोज सकाळी ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या सामूच्या द्रावणात) बुडवून जुळवून घ्या. हे न करता वाचलेला आकडा धरून काही घालू नका.

आम्लता काढायची झाली तर ०.१ नॉर्मल (ठरावीक ताकदीच्या) कॉस्टिक सोड्याने टायट्रेशन करतात, म्हणजे आम्ल संपेपर्यंत तो थेंबथेंब घालून किती लागला ते मोजतात. त्याचा १ मिलिलिटर म्हणजे ६.४ मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल. आंब्याचा रस भरपूर पाण्यात पातळ करून फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलणारं सूचक) घातलं की आम्ल संपताच गुलाबी छटा दिसते. कोकमात मात्र रसाचा स्वतःचाच रंग बदलत जातो आणि गुलाबी कुठे सुरू झालं ते समजत नाही. तिथे मीटर ठेवून सामू ८.१ ला थांबायचं.

वजनकाटा हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या पटीत दाखवतो. त्यावर ६ ग्रॅम केएमएस मोजणं म्हणजे अंदाजपंचे. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्या. चमचा आणि चिमूट यांना इथे जागा नाही.

हिशोब: दहा किलो आंबा स्क्वॉश

आपल्याकडे स्क्वॉशमध्ये फळाचा रस किमान २५ टक्के आणि ब्रिक्स किमान ४० लागतो. आपण ब्रिक्स ४५ आणि आम्लता १.२ टक्के धरू. पल्प २.५ किलो. समजा त्याचा ब्रिक्स १६ आणि आम्लता ०.५ टक्के आली.

आम्ल: दहा किलोला १.२ टक्के म्हणजे १२० ग्रॅम हवं. पल्पातून आलं १२.५ ग्रॅम. उरलेलं १०७.५ ग्रॅम लिंबूसत्त्व घालायचं, अ‍ॅनहायड्रस असेल तर. मोनोहायड्रेट असेल तर १०७.५ भागिले ०.९१४, म्हणजे जवळजवळ ११७.५ ग्रॅम.

साखर: ४५ टक्के म्हणजे साडेचार किलो विद्राव्य घटक. पल्पातून ४०० ग्रॅम, लिंबूसत्त्वातून सुमारे १००. उरले ४ किलो, तेवढी साखर. बाकी पाणी, साधारण ३.४ किलो.

केएमएस: ३५० मिलिग्रॅम गुणिले १० किलो म्हणजे ३.५ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. भागिले ०.५७६, उत्तर ६.०८ ग्रॅम. ही झाली कमाल मर्यादा. मी ५.५ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. काटा थोडा चुकला, पाणी थोडं आटलं, तरी माल मर्यादेत राहायला हवा. नमुना प्रयोगशाळेत गेला की "अंदाजाने घातलं होतं" याला अर्थ उरत नाही.

कोकम सिरपचा हिशोब बेंझोएटने. २० किलोला ६०० मिलिग्रॅमप्रमाणे १२ ग्रॅम बेंझोइक आम्ल. सोडियम बेंझोएटमध्ये बदलताना १.१८ ने गुणा, १४.२ ग्रॅम येतं. हीही कमाल मर्यादाच. ५०० धरून ११.८ ग्रॅम घातलं तर कोकमात ते भरपूर होतं, कारण कोकम मुळातच हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाने आंबटढाण असतं. त्यात लिंबूसत्त्व घालायची गरज सहसा पडत नाही. पडत असेल तर सोलं (कोकमाच्या साली) कमी आणि साखर-पाणी जास्त झालंय, दुरुस्ती तिथे करा.

आणि एक सापळा. वरचे सगळे आकडे किलोला आहेत, लिटरला नव्हेत. ६५ ब्रिक्सचं सिरप लिटरला जवळपास १.३२ किलो भरतं, ४५ ब्रिक्सचा स्क्वॉश सुमारे १.२ किलो. बादलीवरच्या लिटरच्या खुणा बघून डोस ठरवलात तर सिरपमध्ये पाव भाग प्रिझर्वेटिव्ह कमी पडतं. मग मालाला फेस आला की दोष बेंझोएटच्या कंपनीला. पातेल्यासकट वजन करा, पातेल्याचं वजा करा.

बेंझोएट रोज थोडंथोडं लागत असेल तर १०० ग्रॅम उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर एक लिटर करा. १० मिलिलिटरला १ ग्रॅम. केएमएसचं असं द्रावण साठवू नका, त्याचा जोर उतरत जातो. लागेल तेव्हा ताजं करा.

घालायचा क्रम

इथे बहुतेकांची गाडी घसरते, म्हणून जरा सावकाश.

स्क्वॉशसाठी साखर, पाणी आणि लिंबूसत्त्व एकत्र उकळा आणि कापडातून गाळून घ्या. पल्प वेगळा ८५ अंशांपर्यंत तापवून घ्या, म्हणजे एन्झाइम निकामी होतात. दोन्ही गार झाल्यावर मिसळा. केएमएस शेवटी, आणि माल हाताला कोमट लागेल इतपत उतरल्यावरच. गरम मालात घातलं की सल्फर डायऑक्साइड वाफेबरोबर निघून जातो, आणि पातेल्यावर वाकलेल्या माणसाला ठसका लागतो. थोड्याशा गार पाण्यात विरघळवून धार सोडत ढवळा. खिडकी उघडी, तोंडाला मास्क. दमा असलेल्या व्यक्तीला हे काम देऊ नका.

बेंझोएटला उष्णतेचं तसं वावडं नाही, गरम सिरपमध्ये चालतं. त्याचं दुखणं वेगळं. वेळ वाचवायला म्हणून कुणीतरी लिंबूसत्त्व आणि बेंझोएट एकाच पेल्यात, थोड्याशा पाण्यात कालवतं. पेल्यात लगेच पांढरे चकाकते तुकडे दिसायला लागतात, दह्याच्या कण्यांसारखे. ते आहे बेंझोइक आम्ल. थोड्या पाण्यात एकदम तयार झालं आणि विरघळायला जागा नाही म्हणून खाली बसलं. तो पेला पातेल्यात ओतला तरी कण तळाशी जातात, पहिल्या बाटल्यांत बेंझोएट नाहीच आणि शेवटच्या दोन-तीन बाटल्यांत सगळं. म्हणून लिंबूसत्त्व आधी, पूर्ण मालात विरघळलेलं. बेंझोएट नंतर, वेगळ्या पेल्यातून, पातळ करून, सतत ढवळत.

अमृत कोकम साखरेच्या थरांत मुरवून करत असाल, तर रस गाळल्यावर ब्रिक्स बघा आणि मगच बेंझोएट घाला. सोलांवर आधीच शिंपडलेलं बेंझोएट चोथ्याबरोबर किती गेलं आणि रसात किती उरलं, हे सांगणं अशक्य. आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) बेंझोएट घालणारेही भेटतात. मीठ पुरेसं असेल आणि भांडं स्वच्छ असेल तर मला तरी त्याची गरज दिसत नाही.

पातेली, झारे, गाळण्या स्टीलच्याच. तांबं-लोखंड मालात उतरलं की क जीवनसत्त्व जातं आणि रंग काळवंडतो.

बाटली आणि लेबल

काचेची बाटली धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, निथळून भरा. गळ्याशी दोन बोटं मोकळी जागा. केएमएसचा माल पत्र्याच्या डब्यात नको, डबा आतून काळा पडतो. कोकमाच्या बाटल्या उजेडात मांडू नका. दुकानदाराला त्या काचेच्या कपाटात उन्हासमोर छान दिसतात, पण महिन्याभरात लाल रंग विटकरी होतो आणि त्यात रसायनाचा काही दोष नसतो.

लेबलवर घटकाचं काम आणि क्रमांक दोन्ही हवं: आम्लता नियामक (आयएनएस ३३०), प्रिझर्वेटिव्ह (आयएनएस २११). सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते अ‍ॅलर्जीच्या घटकांत वेगळं सांगावं लागतं, आणि केएमएसच्या स्क्वॉशमध्ये ते असतंच. बेंझोएट आणि केएमएस दोन्ही थोडं-थोडं घालायचा मोह होतो. दोन्हींना परवानगी असलेल्या पदार्थात नियम वाट्याचा आहे: एकाची अर्धी मर्यादा वापरली तर दुसऱ्याचीही अर्धीच. लहान उद्योगाने या भानगडीत न पडलेलं बरं. आणि बेंझोएट घालून "शंभर टक्के नैसर्गिक" छापणं बंद करा, गिऱ्हाईक आता क्रमांक वाचतं.

बिघडलं तर

वर पांढरी-हिरवी साय आली म्हणजे बुरशी: बाटली नीट उकळली नव्हती किंवा झाकणातून हवा जाते. झाकण उघडताना फुस्स आवाज आणि बुडबुडे म्हणजे यीस्ट: सामू, ब्रिक्स आणि डोस तिन्ही पुन्हा तपासा. साखर खाणाऱ्या यीस्टच्या काही जाती बेंझोएटलाही दाद देत नाहीत, तिथे उपाय स्वच्छतेचाच. कोकमाचा रंग भरल्या दिवशीच फिका दिसला तर कुणीतरी केएमएसच्या चमच्याने बेंझोएट काढलंय. आंबा स्क्वॉशमध्ये खाली पल्प आणि वर पाणी असे थर दिसले तर घाबरू नका, ते बिघडणं नव्हे. लेबलवर "वापरण्यापूर्वी हलवा" छापा.

आंबायला लागलेल्या लॉटमध्ये आणखी प्रिझर्वेटिव्ह ओतून तो वाचत नाही. उकळून, गाळून, नव्या बाटलीत भरायचा विचारही नको. बॅच नंबर नोंदवहीत लिहा, त्या दिवशीची पाकिटं आणि सामूची नोंद बाजूला काढा, आणि लॉट ओतून द्या.